खांदेवाल्या मॅडम

हल्ली तुमसरला काही कामानं गेलो की पाय आपोआप त्या गल्लीकडे वळतात. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे आणि दुकानातला मुलगा मला दरवेळी विचारतो, काय पाहिजे. त्याला काय सांगणार? तिथे पूर्वी एक लांबट खोली होती, दाराला हिरवा पडदा होता आणि पडद्याआडून एका बाईचा भरदार आवाज यायचा, "हात नका दाखवू मले. काम दाखवा."

गजभिये मॅडम गेल्या उन्हाळ्यात गेल्या. मला ते पंधरा दिवसांनी कळलं, तेही बसमध्ये, भलत्याच माणसाकडून. आधी मला रागच आला, कुणी फोन का केला नाही म्हणून. मग लक्षात आलं, मला कोण कशाला फोन करणार? मी त्यांचा जुना पेशंट, आणि तुमसरच्या आसपासच्या गावांत त्यांचे जुने पेशंट शोधायला लागलात तर प्रत्येक ओसरीवर एक सापडेल. तरी वाईट वाटायचं ते वाटलंच. अजून वाटतं.

जिल्ह्याची वाटणी होऊन गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरच्या बदल्यांच्या धांदलीत मला अड्याळहून उचलून तुमसरजवळच्या एका खेड्यातल्या शाळेवर पाठवलं गेलं. नवीन शाळा, नवीन रस्ता आणि रस्त्यावर म्हैस. तिला चुकवायला गेलो आणि स्कूटरसकट आडवा झालो. पडताना माणूस जे करतो तेच केलं, उजवा हात पुढे टेकला. सूज आठवड्यात उतरली. पण फळ्याच्या वरच्या टोकाला खडू न्यायचा म्हटलं की खांद्यात आत कुठेतरी कट्‌ व्हायचं आणि डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. मी फळ्याचा वरचा अर्धा भाग सोडूनच दिला. मुलांना वाटलं, नव्या गुरुजींची पद्धतच अशी आहे.

घरात जे होतं ते सगळं करून झालं. तेल झालं, गरम विटेचा शेक झाला, बायकोच्या मामांनी हात धरून दोन हिसके दिले तेही झाले. शेवटी नागपूरला जाऊन मशीनमध्ये शिरून आलो आणि एक इंग्रजी रिपोर्ट घेऊन आलो. त्यातला एकच शब्द मला नीट समजला, तो म्हणजे 'फाटलं'. एका सहकाऱ्यानं सांगितलं, खांदेवाल्या मॅडमकडे जा. त्या फिजिओथेरपिस्ट, इलाज गुडघ्या-कमरेचाही करायच्या, पण राइस मिलांच्या गावात खांदे जास्त, म्हणून नाव तेच पडलं होतं.

पडद्याआड मी जे पाहिलं त्यानं माझा विश्वास वाढला नाही. मला पांढरी, चकचकीत खोली अपेक्षित होती. इथे दोन खाटा, भिंतीवर बुद्धाची एक तसबीर आणि कोपऱ्यात संसाराचं सामान असल्यासारखं सूप, घमेलं, खराटा, अर्धवट भरलेला कोंड्याचा कट्टा, म्हणजे पोतं. आणि एक पाटी होती, शाळेची. मॅडम पन्नाशीच्या, ठेंगण्या, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. ही पेन्सिल त्या दिवसातून दहा वेळा शोधायच्या.

त्यांनी रिपोर्ट उजेडाकडे धरून वाचला, खाली ठेवला आणि ती पाटी भिंतीला उंच टेकवून माझ्या हातात खडू दिला. "लिवा."

"काय लिहू?"

"जे रोज लिवता ते. आजचा वार, पटसंख्या."

मी हात वर नेला. त्या माझ्या खांद्याकडे बघतच नव्हत्या. तोंडाकडे बघत होत्या. सोमवारचा 'सो' होईपर्यंत माझं तोंड वाकडं झालं असणार, कारण त्या म्हणाल्या, "बस झालं, बसा जी. घरी धान होते का तुमच्या?"

"होतं. अड्याळला."

"मंग बांधी पायली असन." बांधी म्हणजे मातीच्या धुऱ्यांनी, बांधांनी अडवलेलं आमच्याकडचं धानाचं वावर. चहाची बशी ओढून त्यांनी तिच्यावर एक लिंबू ठेवलं. "खांद्याची वाटी अशी उथळ हाय, बशीच म्हणा ना. आन तिच्यावर हा गोळा. मंग तो दर वेळी घसरून काहून नाही पडत? तं बशीच्या काठानं चारी अंगानं कूर्चेची कड हाय, धुऱ्यासारखी. बांधीच्या धुऱ्यानं पाणी थांबते, या धुऱ्यानं गोळा थांबते. तुमचा धुरा वरच्या अंगानं उसवला. फुटला नाही, उसवला."

ज्या इंग्रजी रिपोर्टनं मला चार दिवस झोपू दिलं नव्हतं तो बशी आणि लिंबानं पाच मिनिटांत समजला. मी घाबरत विचारलं, "म्हणजे ऑपरेशन?"

"कायले? धुरा जरासा उसवला म्हणून कोनी आख्खी बांधी खनते का? भवतालची माती दाबून घेते. खांद्याच्या भवती बारके बारके स्नायू हायत, ते तगडे केले का ते गोळा धरून ठेवतेत. तीन-चार महिने लागतीन. आन तेल बंद. आन तुमच्या त्या मामाले सांगा, का आता माहा हात सोड."

मामांचं मी काही बोललो नव्हतो. पण त्या भागात ज्याचा खांदा दुखतो त्याला हिसके देणारा एक मामा असतोच, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं.

त्यांची औषधाची चिठ्ठी म्हणजे जुन्या कॅलेंडरचं पान. पाठच्या कोऱ्या बाजूवर त्या काड्यांची माणसं काढून व्यायाम दाखवायच्या. बाईच्या डोक्यावर अंबाडा, शेतकऱ्याला मिशी. माझ्या काडीमाणसाच्या हातात खडू होता आणि पोटही जरा पुढे आलेलं होतं. पहिला व्यायाम पुढे वाकून हात लोंबता सोडायचा, पाण्याच्या गडव्यासह. दुसरा दोन्ही खवाटे मागे एकमेकांजवळ आणायचा. तिसरा सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी खिडकीच्या गजाला बांधून, कोपर कमरेला चिकटवून बाहेर ओढायचा. बाजारात याच कामाचे रंगीत रबर मिळतात, हे मला फार नंतर समजलं.

खोलीत एक मशीनही होतं, लाल दिव्याचं. व्यापारी मंडळींना व्यायाम सांगितला की त्यांचा विश्वास बसत नसे, त्यांना 'करंट' लागायचा. अशांना मॅडम दहा मिनिटं ते मशीन लावून बसवायच्या. मी एकदा विचारलं, यानं खरंच काय होतं? "हा मानूस दहा मिनिटं चूप बसते," त्या म्हणाल्या. "त्याच्या खांद्याले तेवढाच आराम."

दुखतं का, असं त्या फारसं विचारत नसत. त्यांचा प्रश्न वेगळा होता. पेशंटला खाटेवर निजवायचं, हात बाजूला घेऊन कोपरात वाकवायचा आणि तळहात हळूहळू डोक्यामागे न्यायचा, दगड फेकायला नेतात तसा. नेता नेता तोंडाकडे बघत विचारायचं, "भेव वाटते का?" दुखणं माणूस सोसतो, लपवतो, वाढवूनही सांगतो, असं त्यांचं म्हणणं. पण गोळा काठावरून घसरणार असं आतून वाटलं की जे भेव तोंडावर येतं ते कुणाला लपवता येत नाही. त्या प्रश्नाला मी पहिल्या दिवशी "नाही" म्हणालो ते खरं होतं, म्हणून मी ऑपरेशनवाचून सुटलो. मोरूचं तसं नव्हतं.

मोरू म्हणजे मोरेश्वर, राइस मिलमधला हमाल. सव्वीस-सत्तावीसचा, अंगानं दणकट, तोंडानं त्याहून. कट्टा उचलताना वर्षापूर्वी त्याचा उजवा खांदा उतरला होता. हमालांच्या टोळीच्या मुकादमानं जागच्या जागी बसवला, दुपट्ट्यानं बांधला आणि चार दिवसांत मोरू पुन्हा कामावर. त्यानंतर खांदा वरचेवर उतरायला लागला. आणि मोरूनं त्याची गंमत करून टाकली होती. लग्नाच्या पंगतीत, पानठेल्यावर, कुणी म्हटलं की हात जरा वर करून तो खांदा काढून दाखवायचा आणि टुक्‌ करून परत बसवायचा. टोळीत याचं कौतुक होतं. ज्याचा खांदा असा सहज निघतो-बसतो तो गडी पक्का मुरलेला, असाच तिथला समज.

त्या दिवशी मी ट्यूब ओढत होतो आणि मोरू नंबर लावून बसला होता. शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणाला, "गंमत पायता का बाप्पा?" आणि हात उचलला. खांद्याच्या पुढे एकदम फुगवटा आला, खालचा आकार सपाट झाला, आणि पुढच्या क्षणी सगळं जागेवर. म्हातारा हसला. मीही हसलो, आता लपवून काय करू. एका बाईनं तर टाळी वाजवली.

मॅडम पडद्याबाहेर आल्या. त्यांना रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आवाज चढला नाही, उलट उतरला. "आखीन एक डाव करशीन," त्या मोरूला म्हणाल्या, "तं या दारात पाय नको ठेवू."

त्यांनी त्याला निजवलं, हात बाजूला घेतला, मागे न्यायला लागल्या.

"भेव वाटते?"

"नाही जी."

"मंग डाव्या हातानं खाट काहून धरली?"

मोरूनं आपल्या डाव्या हाताकडे असं बघितलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा असावा. मग त्याची बडबड आटली. कूस बदलताना झोपेतही खांदा निघतो, म्हणून बायकोच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं हात छातीशी बांधून निजतो, असं त्यानं सांगितलं. "मले बाकी काही नको मॅडम. कट्टा उचलता आला पायजे. दुसरं काही येत नाही मले."

"तुहा धुरा उसवला नाही, हाडापासून सुटला," मॅडम म्हणाल्या. "जेवढे डाव तू गंमत दाखवली, तेवढे डाव आखीन सुटला. सुटलेला काठ व्यायामानं चिपकत नाही. नागपूरले जाऊन शिवून घ्या लागन." त्यांनी त्याला सगळं समजावलं. तीन बारीक भोकं पाडतात, दुर्बिणीनं बघत काठ पुन्हा हाडाला टाक्यांनी बांधतात. मग सहा आठवडे हात झोळीत, मग हळूहळू हलवायचा, मग ताकद. ओझं सहा महिन्यांनी. सहा महिने ऐकून मोरूचा चेहरा उतरला.

तो गेल्यावर मॅडम स्टुलावर बसल्या. मी ट्यूब सोडली. "हात नका थांबवू गुरुजी," त्या म्हणाल्या, म्हणून मी ट्यूब ओढत ओढतच ऐकलं. त्यांचे वडील याच गावात हमाल होते. त्यांचाही खांदा असाच निघायचा. घरी पाहुणे आले की लहानगी कुंदा, म्हणजे याच मॅडम, वडिलांच्या मांडीवर चढून म्हणायची, बाबा, खांदा काढून दाखवा. बाबा दाखवायचे. ती टाळ्या वाजवायची.

"माह्या बाबासारखं कोनाच्याच बाबाले येत नाही, म्हणून मले मोठी मिजास होती," त्या म्हणाल्या. "शेवटी शेवटी सांधा पुरा झिजला. घास डाव्या हातानं घेत. कॉलेजात पयल्यांदा खांद्याची वाटी हातात घेतली न गुरुजी, तं मले समजलं का आपुन कायले टाळ्या वाजवत होतो." एवढं बोलून त्या उठल्या आणि पेन्सिल शोधायला लागल्या. पेन्सिल अंबाड्यातच होती. मी सांगितलं नाही.

मोरूचं ऑपरेशन पावसाळ्यात झालं. माझा खांदा दिवाळीपर्यंत बरा झाला, खडू फळ्याच्या वरच्या टोकाला पोचला. तरी मी आठवड्यातून दोनदा त्या खोलीत जात राहिलो. बायको म्हणायची, दुखणं गेलं आणि सवय राहिली. खरं होतं. पण मला आता मोरूचं काय होतं ते बघायचं होतं.

धान मिलमध्ये यायला लागलं, गाड्यांच्या रांगा लागल्या आणि मोरू दोन दिवस व्यायामाला आला नाही. तिसऱ्या महिन्यात हे असंच होतं, दुखणं संपलेलं असतं आणि आतला टाका अजून कच्चा असतो. मॅडमनी चौकशीला कुणाला पाठवलं नाही. "गाडी काढा गुरुजी," त्या म्हणाल्या.

मिलच्या आवारात मोरू खरंच रांगेत उभा होता, डोक्यावर दुपट्टा बांधून. मॅडम सरळ त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. टोळीचे मुकादम शंकरकाका पुढे आले. सत्तरीला टेकलेले, मॅडमच्या वडिलांच्या बरोबरीनं काम केलेले. ते मॅडमना अजून कुंदाच म्हणत.

"काय झालं पोरी? उतरला तं मी हावो ना बसवाले."

"काका, बाबाचा तुमी किती डाव बसवला?"

"कोन मोजते व? असन पन्नास डाव."

"पन्नास डाव बसवला तुमी. दुखू नाही देल्लं, मले मालूम हाय. पन आत काय तुटून रायलं ते ना तुमाले दिसलं, ना मले."

शंकरकाकांनी दुपट्टा सोडून तोंड पुसलं. त्यांना काय वाटलं असेल ते वाटलं असेल. आयुष्यभर ज्या हाताचा अभिमान बाळगला त्याच हाताबद्दल हे ऐकून घेणं सोपं नव्हतं. पण मॅडमचा तो आरोप नव्हता. त्यांनी लगेच आपलं नेहमीचं वाक्य काढलं, "आता मले काम दाखवा. कट्टा कसा देता?"

काकांनी दाखवायला लावलं. दोघे जण कट्टा दोन बाजूंनी धरून झोका देत आणि तिसऱ्याच्या पाठीवर टाकत. तो हात वर, मागे करून कट्ट्याची टोकं पकडे. कट्टा पडला की दोन्ही हातांना मागे हिसका बसे. मॅडम चार वेळा ते बघत राहिल्या. खाटेवर निजवून त्या ज्या दिशेनं हात नेत, नेमका तोच हिसका, दिवसातून शेकडो वेळा.

"झोका नको," त्या म्हणाल्या. "खांद्याएवढा ओटा करा. कट्टे ओट्यावर. गड्यानं पाठ लावाची, कट्टा सरकवून घ्याचा, कोपर कानाच्या पुढं."

"ओट्यावरून म्हातारे घेतेत. लोकं हासतीन आमच्या टोळीले."

"हासू द्या. हासून कोनाचा खांदा नाही उतरत."

काका हो म्हणाले नाहीत, पण त्यांनी मोरूला खुणेनं घरी जायला सांगितलं. पुढचे तीन महिने मोरू रोज यायचा. झोळी सुटल्यावर हाताला भिंतीवर बोटांनी चढायला शिकवलं होतंच, आता ट्यूब, मग घमेलं, मग तो कोंड्याचा कट्टा, आधी पाव, मग अर्धा, मग पूर्ण. मॅडम कंटाळल्या नाहीत. मोरू कंटाळला, भांडला, एकदा रुसून घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला.

सहा महिने भरले तो फेब्रुवारीतला दिवस मला आठवतो, कारण मी त्यांना त्यानंतर पुन्हा पाहिलं नाही. मग परीक्षांची गडबड सुरू झाली, त्या उन्हाळ्यात माझी बदली झाली; येतो, भेटतो म्हणत राहिलो आणि वर्षं गेली. याची मला खंत आहे, आणि ती लिहून कमी होईल असं काही नाही.

सकाळी शाळेआधी मी त्यांच्याबरोबर मिलमध्ये गेलो. भिंतीलगत विटांचा ओटा झाला होता, वर कट्टे रचलेले; पलीकडे कट्ट्यांची उंच थप्पी आणि तिच्यावर चढायला टेकवलेली फळी. कुणी हसत नव्हतं. शंकरकाका स्वतः ओट्यावर उभे होते. मोरू ओट्याला पाठ लावून उभा राहिला आणि त्यानं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान हलवली आणि एकदम भिंतीकडे तोंड फिरवलं.

"गुरुजी, तुमी पाहा," त्या म्हणाल्या. "मले सांगा."

इतक्या वर्षांत हजारो तोंडांकडे टक लावून बघितलेली ती बाई विटांकडे बघत उभी होती. हातांनी पदर घट्ट धरलेला. काकांनी कट्टा सरकवला.

"घेतला?"

"घेतला."

"कोपर?"

"पुढेच आहे."

"चालला?"

"चालला. फळीवर चढला. थप्पीपाशी गेला."

"तोंड कसं हाय त्याचं?"

मी नीट बघितलं. मला खोटं सांगायचं नव्हतं. मोरूला घाम आला होता, दम लागला होता आणि पुढचा गडी वाट अडवून उभा होता म्हणून तो त्याच्यावर खेकसत होता. "काही विशेष नाही," मी म्हणालो. "कामावरच्या माणसाचं असतं तसं."

त्या भिंतीकडेच बघत म्हणाल्या, "बाबाले डबा द्याले मी इथंच येत होती. कट्टा घेताना त्याहीच्या तोंडावर भेव राहे. मले वाटे, ते ओझ्यानं हाय."

मग त्या वळल्या. दुसरा कट्टा त्यांनी स्वतः पाहिला. तिसराही. शाळेची वेळ झाली म्हणून मी निघालो, तेव्हा त्या तिथेच उन्हात उभ्या होत्या आणि मोरू सातवा कट्टा घ्यायला ओट्याकडे येत होता.